ढळबिंदू

फुकट मिळालेल्या वस्तूचं वजन मी दोनदा करतो. विकत घेतलेल्या वस्तूचं एकदा. ही सवय सरकारी आहे; वजनमापं खात्यात मी अजून नोकरीत आहे. वजनमापं तपासण्यात एकतीस वर्षं काढली की माणूस सत्यनारायणाच्या प्रसादाचा द्रोणही तळहातावर तोलून बघतो. वैजयंतीने यावरून मला चारचौघांत पुष्कळ ऐकवलं आहे. मात्र द्रोण हलका असतो हे तिनेही कधी नाकारलेलं नाही.

त्यामुळे २०३४ च्या मार्चमध्ये ‘बाजार-बाळबोध’ आमच्या सोसायटीत आलं, तेव्हा मी आधी हात मागे घेतला.

नाशिकच्या इंदिरानगरातली आमची ‘शतभिषा’ म्हणजे चार मजले, सोळा फ्लॅट आणि एक लिफ्ट, जी गेली सव्वीस वर्षं ‘लवकरच’ बसणार आहे. अध्यक्ष रावसाहेब थेटे. आयुष्यभर द्राक्षबागांची औषधं विकली, निवृत्तीनंतर उरलेला उत्साह आम्हाला फवारतात.

“साहेब, फुकट आहे!” दारातूनच मोबाईल नाचवत ते म्हणाले.

“म्हणूनच विचारतो, कशाला?”

“कशाला म्हणजे? नवीन माणसाला शेअर बाजार शिकवायला! चाळीस धडे, सगळे मराठीत. व्हिडिओ आहेत, शब्दकोश आहे, सरावाला खोटा बाजार, खोटे पैसे. कितीही शंका विचारा, ताई उत्तर देते.”

“कोण ताई?”

“मशीन हो. मंजिरीताई. आवाज तर ऐका, बालवाडीच्या बाई आठवतील तुम्हाला.”

“आणि हे सगळं देऊन त्यांना काय मिळतं?”

“पुण्य,” थेटे म्हणाले.

पुण्याचं एकक आमच्या नियमपुस्तिकेत नाही, असं मी सांगितलं. पण थेटे ऐकण्याच्या पलीकडे गेले होते, कारण सोळाच्या सोळा फ्लॅटनी चाळीस धडे पूर्ण केले तर फाटकावर पितळी पाटी मिळणार होती : ‘शंभर टक्के अर्थसाक्षर सोसायटी’. शेजारच्या ‘रोहिणी’ सोसायटीला ती गेल्याच महिन्यात मिळाली होती. मराठी माणूस नफ्यासाठी एक वेळ बाजारात उतरणार नाही, पण शेजारच्या पाटीसाठी उतरतो.

अर्जात फ्लॅट क्रमांक विचारला होता. एका फ्लॅटची एकच नोंद, मालकाच्या नावाने. फ्लॅट माझ्या नावावर, म्हणून नोंद माझी. अटी-शर्ती शेहेचाळीस पानं होत्या. त्या मी पूर्ण वाचल्या. लिहिणाऱ्यानेही वाचल्या असतील असं मला वाटत नाही.

“वाचा, वाचा,” वैजयंती शाडू मळता मळता म्हणाली. “लग्नाआधी माझी पत्रिकासुद्धा एवढी वाचली नव्हती तुम्ही.”

“तेव्हा मी खात्यात नवीन होतो.”

एकतिसाव्या पानावर एक ओळ होती : ‘शिकणाऱ्याच्या निर्णयवर्तनाचं सारांशमापन भागीदारांस उपलब्ध करून दिलं जाऊ शकेल.’ मी थेट्यांना विचारलं, भागीदार कोण? “असतील कोणीतरी,” ते म्हणाले. “आपण काय लपवायचंय? खोटे पैसे, खोटा बाजार!”

खबरदारी म्हणून मी नोंदणी जुन्या मोबाईलवर केली. त्यात बँक नव्हती, फोटो नव्हते, नातेवाईकही नव्हते. तो स्वयंपाकघरात पोह्यांच्या डब्याशेजारी ठेवला. माझी हीच खबरदारी पुढे सगळं बदलून गेली, पण ते नंतर.

आमच्या तळमजल्याबद्दल इथेच सांगायला हवं. फ्लॅटच्या मागच्या बाजूला ओटा आहे आणि त्या ओट्यावर वैजयंती बावीस वर्षं शाडूच्या मूर्ती करायला शिकवते. शाडूचं एकेक पोतं चाळीस किलोचं, टेम्पोतून थेट ओट्यावर उतरतं. ओल्या मूर्ती जिन्यावरून नेता येत नाहीत. तळमजला गेला तर वर्ग गेला. आणि वर्ग गेला तर वैजयंतीचं काय उरेल, याचा विचार मी करत नसे. ज्याचं वजन करायची भीती वाटते ते माणूस तराजूवर ठेवतच नाही.

धडे चांगले होते, हे कबूल करतो. ताळेबंद कसा वाचावा, कर्जात बुडालेली कंपनी कशी ओळखावी, ‘दुप्पट करून देतो’ म्हणणाऱ्यापासून कसं पळावं. प्रत्येक धड्याच्या शेवटी सराव असे. पडद्यावर एक निळी गोटी यायची. तिच्यावर अंगठा ठेवायचा म्हणजे तुम्ही एका काल्पनिक कंपनीचे शेअर धरून आहात. मग भाव पडू लागायचा. विकावंसं वाटलं की अंगठा उचलायचा. एवढंच.

चौथ्या धड्यात मी तपासणी म्हणून अंगठ्याऐवजी सोललेला बटाटा ठेवला. शेवटी काच ही काच. ओलसर काही लागलं की तिला पुरतं.

“सायखेडकरकाका,” मंजिरीताई गोड आवाजात म्हणाली, “हा अंगठा नाही. बहुधा बटाटा आहे. अंगठा ठेवा.”

वैजयंती हसून हसून भिंतीला टेकली. मी मात्र हसलो नाही. पाव किलो कमी देणाऱ्या तराजूपेक्षा मला नेहमी तो तराजू जास्त खटकतो, जो गरजेपेक्षा बारीक मोजतो. भाजीवाल्याकडे सोनाराचा काटा दिसला तर विचारावं, बाबा, तू नक्की काय विकतोस?

म्हणून मी मंजिरीताईलाच विचारलं. असल्या मशीनला शिकणाऱ्याशी खोटं बोलायची परवानगी नसते. तिने सगळं नीट समजावलं, बालवाडीच्या बाईंसारखंच.

नव्या काचांना त्वचा कळते. अंगठा किती दाबला आहे, किती ओला आहे, त्यातली नाडी किती वेगाने उडते आहे. माणूस ‘विकावं’ असं ठरवतो, त्याच्या सुमारे दीड सेकंद आधी त्याचा हात ते ठरवून बसलेला असतो. अंगठ्याचा दाब केसभर सैल होतो. नवख्या माणसाला घाबरण्याआधीच सावध करावं, ‘काका, पाणी प्या’ म्हणावं, या चांगल्या हेतूने संशोधकांनी तो क्षण मोजायला घेतला. मोजता मोजता एक विचित्र गोष्ट सापडली. भाव वेगाने पाडा, हळू पाडा, चढवून पाडा, शेजाऱ्याने विकल्याचं सांगून पाडा. अशा चाळीस उतारांवर पारखून घेतलं की प्रत्येक माणसाचा एक आकडा निघतो. पाण्याचा जसा उत्कलनबिंदू, तसा माणसाचा ढळबिंदू. आणि तो शेअर बाजारापुरता राहत नाही. पगार ठरवताना, घर विकताना, रुसवा धरताना माणूस जवळजवळ त्याच आकड्याला ढळतो.

“मग माझा किती?” मी विचारलं.

“चाळीस धडे पूर्ण करा, काका. छान चाललंय तुमचं!”

नवव्या धड्यात भाव बारा टक्के पडला आणि मी अंगठा उचलला. अर्थातच तपासणीचा भाग म्हणून. त्यानंतर मी तो मोबाईल परत हातात घेतला नाही.

तरीही मे महिन्यात पाटी आली. थेट्यांनी नारळ फोडला. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, माझे धडे नऊच झालेत. “काय साहेब, चेष्टा करता? चाळीस झाले की तुमचे, परवाच! माझ्या यादीत दिसलं ना,” ते म्हणाले. मी समजलो की अध्यक्षांनी काहीतरी जमवलं आहे, अध्यक्ष जमवतातच. उभ्या नोकरीत मी इतका चुकीच्या माणसावर संशय घेतला नव्हता.

नोव्हेंबरात बिल्डर आला. पुनर्विकासाचा. सर्वसाधारण सभेत सोळा जणांनी टेबलावर मुठी आपटून ठराव केला : पस्तीस टक्के जादा जागा, त्याखाली बोलायचं नाही आणि कोणी एकट्याने बोलायचं नाही.

बिल्डरचा माणूस अद्वैत बिरारी. तिशीचा, शर्टाला इस्त्री, बोलण्यालाही. तो म्हणाला, ठराव उत्तम आहे, मी फक्त घरोघरी चहा घेतो. आठ दिवस त्याने चहा घेतला. आठ दिवसांत पंधरा घरांनी संमतीपत्रावर अंगठा दिला.

नवव्या दिवशी थेटे माझ्याकडे आले ते चपला न काढता.

“साहेब, मी अठरावर सही केली.”

“ठराव पस्तीसचा होता. तुम्हीच मांडला होता.”

“हो, पण मनात अठरा होतं हो माझ्या. अठराच्या खाली मेलो तरी नाही, असं. तो पोरगा बसला, बिस्किट उचललं आणि म्हणाला, अठरा. सतरा नाही, एकोणीस नाही. माझ्या तोंडातला शब्द त्याच्या तोंडात कसा गेला?”

“कोणाला बोलला होतात?”

“हिलासुद्धा नाही!”

मी बाकीच्यांना विचारत फिरलो. तिसऱ्या मजल्यावरच्या तांबटबाई, निवृत्त परिचारिका. त्यांना बारा टक्के. वर एक वाक्य : “लिफ्ट पहिल्या दिवसापासून चालू असेल, मावशी.” त्यांच्याही मनात बारा आणि लिफ्टच होती. कोणाला नऊ, कोणाला एकवीस. पंधरा घरं, पंधरा आकडे, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण बिल्डरला नमवलं.

नोकरीच्या सुरुवातीला सिन्नरला मी एक वाणी पकडला होता. त्याच्या दुकानात खोटं वजन सापडेना. शेवटी लक्षात आलं की तो गिऱ्हाईक बघून मापायचा. मास्तरांना किलोमागे वीस ग्रॅम कमी, मजुराच्या बायकोला साठ, पोलीसपाटलाला दोन ग्रॅम जास्त. कोण किती सहन करेल, हे त्याला डोळ्यांत दिसायचं. पण त्यासाठी त्याला तीस वर्षं गल्ल्यावर बसावं लागलं होतं. बिरारीला चाळीस धडे पुरले.

एकतिसाव्या पानावरचा भागीदार मला सापडला होता. आता तो माझ्याकडे चहाला येणार होता.

इथे एक कबुली. मी मनात चौदावर आलो होतो. आणि वरचा मजला दिला तरी चालेल, अशा विचारापर्यंत. निवृत्ती जवळ आली आहे, वाद नको, वैजयंतीची समजूत काढता येईल. हे मी तिला सांगितलं नव्हतं. माझे धडे नऊच झाले होते, पण दीड सेकंदात केसभर सैल होणारा अंगठा पकडायला नऊ पुरेसे असावेत, याची मला खात्री होती.

रविवारी सकाळी अकराला बिरारी आला. वैजयंती ओट्याच्या दारात पाटावर बसून शाडू मळत होती. त्याने टॅबलेट टीपॉयवर ठेवला, चहाचा घोट घेतला. मी ‘चौदा’ ऐकायला तयार होऊन बसलो.

“चौतीस टक्के,” बिरारी म्हणाला. “तळमजलाच. मागे ओटा, आताच्यापेक्षा मोठा. आणि पोत्यांच्या टेम्पोसाठी वेगळं फाटक.”

मी कप बशीत ठेवला.

“एवढं का?” मी विचारलं. माझं पहिलं वाक्य नेहमी हेच असतं.

“साहेब, तुमच्यापुढे घासाघीस करून वेळ का घालवायचा?” तो खरंच आदराने बघत होता. “पूर्ण जिल्ह्यात असा आकडा नाही. एकतीस धडे, सलग, गोटीवरून अंगठा हलला नाही. भाव नव्वद टक्के पडला तरी नाही. आमच्या लोकांनी दोनदा तपासलं, बटाटा तर नाही ना म्हणून.”

एकतीस धडे. चाळीसातून माझे नऊ गेले की एकतीस.

मी वैजयंतीकडे पाहिलं. ती खाली मान घालून मळत होती. बावीस वर्षं चाळीस-चाळीस किलो शाडूत रुतलेले ते अंगठे. पोह्यांच्या डब्याशेजारचा मोबाईल. दुपारच्या वेळी, वर्ग सुटल्यावर.

“अहो,” ती मान वर न करता म्हणाली, “त्यांना सांगा, चौतीस चालेल.”

बिरारीने टॅबलेट पुढे सरकवला.

“पण सोळाही घरांना,” ती म्हणाली. “थेटेभाऊंना पण, तांबटबाईंना पण. आणि तळमजल्याचे चौघं तळमजल्यावरच. नाही तर आमची सही नाही.”

“मॅडम, बाकीच्यांनी समाधानाने—”

“समाधान त्यांचं तुम्ही आधीच मोजून आणलं होतंत.”

बिरारी पहिल्यांदाच गोंधळला. त्याने पडद्यावर काहीतरी शोधलं. “मॅडम, तुमची नोंद दिसत नाही माझ्याकडे.”

“नसेल. मी कुठे मालक आहे?”

तो माझ्याकडे वळला. इस्त्री परत नीट झाली. “साहेब, निर्णय तुमचा आहे. आकडा तुमचा आहे. इथे अंगठा ठेवा, संमती म्हणून.” पडद्यावर निळी गोटी उगवली.

मी अंगठा ठेवला असता तर दीड सेकंदात कळलं असतं की हा तो माणूस नाही. नकार देऊन उठलो असतो तर त्याने तांबटबाईंच्या बारावर इमारत बांधली असती. आणि गप्प राहून चौतीस घेतले असते तर दुसऱ्याचं वजन स्वतःच्या पारड्यात टाकून माल नेणारा मी ठरलो असतो. अशांना मी एकतीस वर्षं दंड करत आलो.

मी टॅबलेट उचलला. उलटा केला. कडा पाहिल्या.

“शिक्का कुठे आहे?”

“कसला शिक्का?”

“पडताळणीचा. ज्या मापावरून व्यवहारात किंमत ठरते, त्या मापावर खात्याचा शिक्का लागतो. तुम्ही यावर माणसं मोजता आणि त्यावरून भाव ठरवता. हे तुम्ही आत्ता माझ्या बायकोसमोर सांगितलंत. विनापडताळणी मापन-उपकरण. मी हे जप्त करतो.”

“तुम्ही... स्वतःच्या घरात?”

स्वतःच्या घरात कारवाई करू नये असा नियम नाही. करावी असंही आजवर कोणी सुचवलेलं नव्हतं. मी कपाटातून पंचनाम्याचा कागद काढला आणि वैजयंतीने जिन्यात जाऊन थेट्यांना पंच म्हणून हाक मारली. ते कधीपासून जिन्यातच उभे होते.

मी लिहू लागलो. उपकरणाचा प्रकार, रंग, अवस्था. बिरारी माझ्याजवळ वाकला आणि अगदी हळू, थेट्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाला, “साहेब, कागद राहू द्या. तळमजला, मोठा ओटा, अडतीस. फक्त तुम्हाला. बाईंचा वर्ग जन्मभर चालेल.”

पेन थांबलं.

मी खोटं सांगणार नाही. पेन दीड सेकंदापेक्षा पुष्कळ जास्त थांबलं. ‘बाईंचा वर्ग’ हे शब्द त्याने कोणत्याही यंत्राशिवाय बरोबर जागी ठेवले होते. मला वाटलं, सोळा घरांचा मक्ता मी कधी घेतला? मी टोपण शोधू लागलो.

तेवढ्यात माझ्या हाताच्या मागच्या बाजूवर काहीतरी थंड, ओलं टेकलं. वैजयंतीचा अंगठा. दाबला नाही फारसा; मूर्तीचा कान बसवताना दाबते तेवढाच. आणि उचलला नाही.

मी पुढचं लिहिलं. जप्तीचा दिनांक, वेळ, पंचाची सही. थेट्यांनी सही इतकी जोरात केली की कागद फाटला. त्या पंचनाम्यावर खालच्या कोपऱ्यात अजूनही एक करडा डाग आहे.

खात्याच्या प्रयोगशाळेने चार महिन्यांनी कळवलं की सदर उपकरणाची पडताळणी करण्यासाठी ज्ञात ढळबिंदूचा एक प्रमाणित माणूस सोबत पाठवावा. असा माणूस जिल्हा कार्यालयात उपलब्ध नसल्याचं आम्ही उलट टपाली कळवलं. टॅबलेट अजून कपाटात आहे.

संमतीपत्रं कच्ची होती. ती मागे घेता आली. बोलणी पुन्हा झाली. सोळा घरं एका खोलीत बसली आणि सगळ्यांचे मोबाईल शाडूच्या घमेल्यात, दाराबाहेर. सव्वीस टक्के ठरले, सगळ्यांना सारखे, तळमजल्यासकट. चौतीसपेक्षा ते कमी आहेत हे मला कळतं. थेटे म्हणतात, “साहेब, हे सव्वीस माझ्या अठरापेक्षा जड लागतात,” आणि मला हा हिशेब तपासावासा वाटत नाही. पितळी पाटी त्यांनी काढली नाही. दर गुरुवारी चिंचेने घासतात.

गेल्या आठवड्यात एक नवा मोफत अभ्यासक्रम आला आहे : ‘आपला ढळबिंदू वाढवा, घरबसल्या’. मी त्याच्या अटी-शर्ती वाचतो आहे. अठराव्या पानावर आहे.

एक प्रश्न मात्र मी बरेच दिवस लांबवला होता. काल ओट्यावर तिला पाणी नेऊन दिलं, तेव्हा विचारला.

“माझ्या नावाने धडे का केलेस?”

“पाटीवर पंधराच घरं आली असती. थेटेभाऊंनी तुम्हाला जगू दिलं असतं का?” ती म्हणाली. “आणि नंतर गोडी लागली. मला आता ताळेबंद वाचता येतो. तुम्हाला येतो?”

मला येत नाही. तो विषय मी सोडून दिला.

“पहिल्या नऊ धड्यांत माझाच अंगठा होता. चाळीस पूर्ण झाल्यावर धड्यागणिक आकडे दाखवतात, तेव्हा माझा तुला दिसला असेल.”

“दिसला.”

“किती?”

तिने गोळा उचलून पाटावर आपटला, उलटा केला, परत आपटला.

“साठ,” ती म्हणाली.

नवव्या धड्यात मी बाराला अंगठा उचलला होता, हे मला चांगलं आठवतं. साठ शक्यच नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी आवाजावरून ओळखायला शिकलो आहे की माप कुठे वाढवून घातलं आहे. जुना मोबाईल अजूनही पोह्यांच्या डब्याशेजारीच असतो. उघडायला पाच मिनिटं लागणार नाहीत.

मी रिकामा तांब्या घेऊन आत गेलो, पोहे काढले, डबा जागेवर ठेवला आणि मोबाईलला हात लावला नाही.